पहिला खेळ निवडताना मी विहिरीत पडलो

एचएसआर लेआउट, बेंगळुरू

तीर्थस्वरूप अक्का,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे मनातल्या मनात). तुझी कंबर कशी आहे? आम्ही ठीक आहोत. मी मात्र विहिरीत पडलो होतो. घाबरू नकोस, सविस्तर सांगतो.

अमितने एप्रिलमध्ये नोकरी सोडली. त्यावर मी जे बोललो ते बोललो, आणि तेव्हापासून आम्हा बापलेकांचं संभाषण ‘मीठ द्या’ एवढ्यावर आलं. म्हणून सूनबाईंनी (शलाकाने) तोडगा काढला: रविवारी चौघांनी एक खेळ खेळायचा. त्यात एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली माणसं होतात आणि आपण काय करतोय ते बोलून दाखवतात. जमलं की फसलं ते फासे ठरवतात. नवशिक्यांनी पहिला खेळ कुठला घ्यावा, हे ठरवायचं काम मी अंगावर घेतलं (तेहतीस वर्षं कारखान्याच्या खरेदी समितीवर उगीच नाही काढली). मी सगळ्यांत जाड निवडला. तीनशे वीस पानं. तीन रविवार नुसते नियम वाचून दाखवले. चौथ्या रविवारी तुझी भावजय प्रेमा त्या पुस्तकावर लसूण सोलत बसली.

ते बघून शेजारच्या राजलक्ष्मीबाई आपल्या नातीचा खेळ घेऊन आल्या. नियमांचं एकच पान, आणि आपले साधे दोन फासे. “स्वल्प (कन्नडमध्ये ‘थोडं’) खेळून तर बघा, अडलं की बघू,” म्हणाल्या आणि स्वतःच गोष्ट सांगायला बसल्या. मी शूर सरदार झालो आणि पाचव्या मिनिटाला कोरड्या विहिरीत पडलो. प्रेमा (चोर) माझे काठावरचे जोडे घेऊन निघून गेली. शलाका खजिन्याकडे धावली. अमितही जाणार होता, पण थांबला.

“बाबा, दोर टाकतोय. धरणार का?”

“धरतो,” मी म्हणालो.

फासा फसला. “सरी (म्हणजे ‘बरं’), परत टाक,” राजलक्ष्मीबाई म्हणाल्या. तो पाच वेळा फसला, अक्का, आणि पाचही वेळा त्याने परत टाकला. मी वर आलो तोवर खजिना संपला होता. खेळ झाल्यावर त्याने मला चहा विचारला (खराखुरा).

तुझा धाकटा,
विद्याधर

ता. क.: पत्राचं खरं कारण असं, की रविवारी चारला तू व्हिडिओ कॉलवर हवी आहेस. आम्हाला एक म्हातारी चेटकीण कमी पडते आहे. तुझं नाव प्रेमाने सुचवलं. मी फक्त विरोध केला नाही.

ता. ता. क.: अमितला नोकरीचं विचारू नकोस. परवा तो आपणहून सांगत होता आणि मी तेरा मिनिटं गप्प बसलो. प्रेमाला वाटलं, माझी तब्येत बिघडली.