काच साफ केल्याचे परिणाम

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (खरा घालायला गेलो तर उठता येणार नाही, कंबर धरली आहे. तेव्हा कागदावरचाच मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला थांबला, की अजूनही फोन उचलल्यावर आधी तोच बोलतो? इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे तुझे बंधुराज माझ्याशी बोलत नाहीत आणि मी त्यांच्याशी. मधल्यामध्ये आईचा घसा बसला आहे, कारण एकाच टेबलावर जेवताना ‘त्याला सांग, मीठ दे’ आणि ‘त्यांना सांग, मीठ संपलंय’ हे दोन्ही निरोप तिलाच पोचवावे लागतात. कॉलेजातून मला काढलं असं बंधुराजांनी तुला कळवलं असेल, तर ते साफ खोटं आहे. सरांनी वर्गाबाहेर जा म्हटलं, मी गेलो, आणि मग परत आत जायचं राहून गेलं. एवढंच.

सध्या मी शोभेच्या माशांच्या दुकानात कामाला आहे. मालक इतके सावकाश बोलतात, की वाक्य संपेपर्यंत मला त्याचा राग येऊन गेलेला असतो. गावातल्या एका दाताच्या दवाखान्यात जुनी काचेची टाकी आहे, त्यातल्या म्हाताऱ्या माशाला रोज खाणं घालायचं काम माझ्याकडे. ही टाकी भिंतीतच बसवली आहे. अलीकडे रोगी बसतात, पलीकडच्या खोलीत फोनवर वेळा देणारी ती बसते. (नाव लिहीत नाही. तू पत्रं मोठ्याने वाचतेस आणि काकांना ऐकू येतं.) टाकीच्या वर हातभर मोकळी जागा आहे, तिथून तिचा आवाज यायचा. ‘दुखतंय का? फार दुखतंय? कधीपासून?’ आत्या, जन्मात मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी माशाला चिमूटभर खाणं घालायचो आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून मनातल्या मनात उत्तरं द्यायचो. हो, फार. गेल्या वर्षापासून.

दिसायची मात्र नाही. पाण्यातले क्षार वर्षानुवर्षं काचेवर साचून असा पांढरा थर धरला होता, की पलीकडे नुसती एक निळसर आकृती, आणि अधूनमधून हलणारी मान. ती मान खालीवर व्हायची. आडवी कधी हलली नाही, हे मी नीट पाहिलं होतं. मी बसलो की ती मान हलायची आणि मला वाटायचं, होकार आहे. (हसू नकोस. काकांनी तुला कशावरून होकार दिला होता, ते आईने मला सांगितलंय.) शेवटी मी ठरवलं की हा होकार समोरासमोर बघायचा. मालकांना म्हटलं, थर काढतो. ते म्हणाले, राहू दे रे, कुणाला नडतोय तो? मला नडतोय, असं मी ओरडलो. दुकानातले सगळे मासे एका कोपऱ्यात गेले.

काम खरं तर सोपं आहे. पाणी अर्ध्यावर आणायचं, व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं काचेला चिकटवायचं आणि थर मऊ होईपर्यंत थांबायचं. यातलं थांबायचं सोडून मी सगळं केलं. घासलं, खरवडलं, काचेला शिव्या दिल्या. व्हिनेगरच्या वासाने रोगी एकेक करून बाहेर जाऊन उभे राहिले. मासा बादलीतून माझ्याकडे बघत होता, अगदी तुझ्या बंधुराजांसारखा, म्हणजे काही न बोलता पण सगळं बोलून. अखेर काच लख्ख झाली आणि तरी पलीकडचं काही दिसेना. तेव्हा लक्षात आलं की टाकीला पलीकडेही काच असते आणि तिच्यावरही तेवढाच थर असतो. मग झाकण काढून, कमरेपर्यंत टाकीत वाकून, तोंड पाण्याला टेकवून ती घासली. (कंबर गेली ती इथे.)

आणि मग ती दिसली. तळहातावर हनुवटी टेकवून, तोंड किंचित उघडं ठेवून झोपलेली. मान खाली जायची, दचकून वर यायची, पुन्हा खाली जायची. इतके दिवस मला मिळत होता तो होकार म्हणजे या डुलक्या होत्या. मी तिथेच वाकून बघत राहिलो. तेवढ्यात तिला जाग आली आणि टाकीत माशाच्या जागी माझं तोंड पाहून ती किंचाळली. मी सांगितलं, घाबरू नका, मी रोज समोरच्या खुर्चीत बसतो तोच. ती खुर्चीकडे बघून म्हणाली, ‘अगबाई, ते तुम्ही? मला वाटायचं, कुणीतरी कोट अडकवून विसरून गेलंय.’

आत्या, कोट.

किंचाळणं ऐकून डॉक्टर बाहेर आले आणि काच बघून खूश झाले. पाठ थोपटली, नेमकी दुखत होती तिथे. आयुष्यातलं पहिलं कौतुक, तेही असं. पण आता त्या काचेतून तिचं टेबल लख्ख दिसतं. रोगी टकमक बघत बसतात, आणि डॉक्टरांनी तिला झोपताना पकडलं आहे, एकदा नाही, दोनदा. पुन्हा झोपलेली दिसलीस तर दुसरीकडे काम बघ, असं स्पष्ट सांगितलंय. तिची आई इस्पितळात आहे आणि रात्री तिच्या उशाशी ही एकटीच असते. त्या थरामागे जरा डोळा लागायचा, असं तिने मला सांगितलं, तेही न चिडता. चिडली असती तर मी उलटा चिडलो असतो, त्यात मला कुणी हरवू शकत नाही. ती नुसती म्हणाली, ‘तुम्हाला काय माहीत असणार.’ तेव्हापासून जेवण जात नाही. आईला वाटतं, मिठावरून रुसलोय.

गुडघ्याला जप. काकांना नमस्कार.

तुझा भाचा
(लोक कोट समजतात तो)

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. तुमच्या बोअरच्या पाण्याने तुझे नळ, बादल्या आणि काकांची केटली पांढरीफटक झाली आहे ना? मागे मी त्या पाण्याला नावं ठेवली होती, ती सगळी परत घेतो. त्याचे दोन मोठे कॅन भरून मिळेल त्या गाडीने पाठव. काचेवर खडूची पूड लावून पाहिली, पण एका सज्जन रोग्याने ती स्वतःच्या रुमालाने पुसून दिली.

आणखी ता. क. मालक म्हणतात, तसा थर धरायला वर्षं जातात. रोज काचेवर पाणी शिंपडायचं आणि वाळू द्यायचं. मी तिला सांगितलं, माझी तयारी आहे, कितीही वर्षं येईन. ती म्हणाली, ‘तुम्ही नका येऊ. पाणी ठेवून जा, शिंपडायचं मी बघते.’

तरी तू पाणी पाठव.