शाईची रेघ

२ फेब्रुवारी १९२७, रत्नागिरी
झाडगावात डॉक्टर चिंतामणरावांकडे कामाला लागले. चिऱ्यांचं नवं घर, मागे मोहरलेली कलमं, कपाटभर पुस्तकं. वाचायला मोकळीक आहे. त्यांची बायको मालिनीबाई; मानेवर कर्करोगाची गाठ, सुपारीएवढी. मी त्यांच्याजवळ बसायचं. म्हणाल्या, काकू, काहीही वाचून दाखवा, मरणाचं तेवढं नको, ते घरचंच आहे.

५ फेब्रुवारी
डॉक्टरांनी धावऱ्याचे, कातडी लाल करून ताप आणणाऱ्या त्या रोगाचे, जिवंत जंतू गाठीत टोचले. म्हणाले, शरीराला गाठ परकी वाटत नाही. धावऱ्याशी लढायला ते उठलं की गाठही खाऊन टाकील. ताप उतरवायचा नाही, अशी सक्त ताकीद. कातडीवर लाली पसरेल तिच्या कडेने शाईची रेघ मारायची, वेळ लिहायची. तेही माझ्याकडे.

९ फेब्रुवारी
ताप एकशे चार. गाठ चिंचोक्याएवढी झाली! डॉक्टर पोरासारखे हसले आणि मिऱ्याला रोगी बघायला गेले.
मालिनीबाईंचे दात वाजू लागले. आमचे हे असेच गेले, माझ्या मांडीवर, सहा वर्षांपूर्वी. मला बघवेना. ताप उतरायला किराईताचा काढा पाजला, कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवल्या. दुपारी घाम फुटला, त्या शांत निजल्या.

१४ फेब्रुवारी
लाली विझली. गाठ पुन्हा सुपारीएवढी. दोनदा टोचलं, ताप येत नाही. डॉक्टर म्हणतात, जंतू दुबळे झाले. मी काढ्याचं भांडं घासून ठेवलं.

१७ फेब्रुवारी
गाठ लिंबाएवढी. पाणी गिळवत नाही. मालिनीबाईंना काढ्याचं सांगून टाकलं. म्हणाल्या, काकू, त्या दुपारी काय झोप लागली होती हो!

१९ फेब्रुवारी
परवा सुई धुताना डाव्या हाताच्या बोटाला टोचली. आज बोट लाल, ताप. जंतू दुबळे नव्हते. डॉक्टरांना दाखवलं. त्यांचे डोळे चमकले. म्हणाले, तुमच्या अंगात ते आणखी तिखट होतील, तिथून काढून हिला टोचतो. मी हात पुढे केला.

२१ फेब्रुवारी
लाली कोपरापर्यंत. आता रेघ ते मारतात. मी ताप उतरवू नये म्हणून किराईत त्यांनी परसात फेकलं. दाराला बाहेरून कडी.

२२ फेब्रुवारी
दंडापर्यंत — दात वाजतायत — पलीकडच्या खोलीतून कण्हणं नाही. कामवाली गोदा दाराआडून रडत म्हणाली, वैनी पहाटेसच गेल्या.

तरीही डॉक्टर आले. म्हणाले, ती निजलीय, ताप अजून चढू दे —

लाली खांद्यावर — शाई ओली आहे तोच रेघ ओलांडते —

सुई आणलीय — सांगते आहे त्या गेल्या, गेल्या — म्हणतात, बाई, हलू नका, रेघ वाकडी