बाबांचा बाप्तिस्मा

अंबरनाथ, रविवार, डिसेंबर १९५४

उपासनेनंतर पाळकसाहेब म्हणाले, आता आपली आणि बाबांची, दोन्ही मंडळ्या एक होणार. तान्हेपणी पाणी शिंपडलेलं असो की मोठेपणी नदीत बुडवलेलं, बाप्तिस्मा एकच. संमतीला सगळ्यांचे हात वर गेले. माझा उठेना. ह्याच पाळकसाहेबांनी मला बदलापूरला उल्हास नदीत उतरवलं आणि बाबांना तोंडावर सांगितलं, "तुमचा तान्हेपणीचा बाप्तिस्मा खोटा." मी ते मानलं. बाबा शेवटपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

मी उभी राहिले. "मग बाबांचा बाप्तिस्मा खरा होता?"

"शांताबाई, जुनं उकरून काय मिळणार?"

खरा होता की नाही, एवढंच त्यांनी सांगायचं होतं. पाळकसाहेब तेव्हा खोटं बोलले की आज बोलतायत? एकी मला नको का? हवीच होती. बाबा असताना हवी होती.