बकरी गप्प झाली तेव्हा

बुधवार, बेल्हे. दिवेलागण होऊन गेली.

घरी आलो तो थेट लिहायलाच बसलो.

काशीमावशींच्या घरी प्रार्थना होती. घरामागे ऊस, आणि उसात वनखात्याने बिबट्यासाठी पिंजरा लावला आहे. त्यात बांधलेली बकरी सारखी ओरडत होती. मावशींचा नेम असा, की मागणं संपलं की डोळे मिटून गप्प बसायचं, प्रभूची वाट बघायची. मला तेच जमत नाही. ख्रिस्ती विश्वासात येऊन दोन वर्षं झाली, धीर काही वाढत नाही. मग वाढतं आहे तरी काय?

आज आम्ही गप्प बसलो आणि बकरीही गप्प झाली.

दार उघडं होतं, दाराशी मीच. पाऊल वाजलं नाही. फक्त उग्र वास आला आणि ओट्यावर कोणाचा तरी श्वास. उठून दार लोटावं का? मावशींनी माझं मनगट धरलं. "हलू नगं," एवढंच म्हणाल्या. मी डोळे उघडले नाहीत. देवाकडे काही मागायचंही सुचलं नाही. बकरी का ओरडत नाही, एवढंच डोक्यात.

बऱ्याच वेळाने वास विरला. बकरी ओरडली. सगळे 'आमेन' म्हणाले.

"आज लई गप बसलास की रं," मावशी हसल्या.

मी विचारलं, "मावशी, हा धीर होता की नुसती भीती?"

"मी इतकी वर्सं बसती, मलाबी कळत न्हाई, पोरा. फुडच्या बुधवारी ये. परत बसू."