कार्डांच्या मागची नावं

बॉस्टन, १२ ऑक्टोबर

प्रिय बाबा,

मी मजेत आहे, जेवतेही पोटभर. बोटीवर लॉबस्टरच्या नांग्या बांधायचं तुमचं जाड रबर मी शब्दांच्या कार्डांना लावलंय. माझ्या खोलीत राहणारी रोवेना विचारते, "हे रबर आहे की टायर?"

इंग्रजी आपलीच भाषा, तरी रोज दहा अवघड शब्द शिकते. कार्डामागे अर्थ लिहायचा नाही, त्या शब्दात बसणाऱ्या ओळखीच्या माणसाचं नाव लिहायचं, असा वर्गातल्या बाईंचा नियम आहे. 'ऑब्स्टिनेट', म्हणजे हट्टी, तिथे तुम्हीच! रागावू नका, मोठ्या मनाच्या माणसासाठीच्या शब्दामागेही तुम्हीच आहात.

आई लिहिते, मी इथे आल्यापासून बोटीवर एकटेच जाता आणि अंगठाही सुजलाय. तशा अंगठ्यानं नांग्यांवर रबरं कशी चढवता?

परवा 'स्टोइक' आला: कितीही दुखलं तरी ब्र न काढणारा. तिथे तुमचं नाव पेन्सिलीनं लिहिलंय. अंगठा किती दुखतो ते खरं कळवलंत की खोडेन.

तुमचीच, खोडरबर घेऊन बसलेली,
मेरिल