खिडकीजवळची खाट

९ मे

बाबांना शुक्रवारी साथीच्या हॉस्पिटलात नेलं. हेल्पलाइनवर रोज तीच मुलगी, तेच वाक्य – "पेशंट स्थिर आहे."

स्थिर म्हणजे कसे, म्हणून विचारलं. "मॅडम, स्थिर म्हणजे स्थिर."

आत भेटायला जायला बंदी, फोन न्यायलाही बंदी. मागे कुणा पेशंटने वॉर्डाचं गळकं छत फोनवर टिपून बाहेर पाठवलं. विरोधकांनी ते सभागृहात नाचवलं. झालं! दुसऱ्या दिवशी सगळ्या खाटांवरचे फोन गोळा.

"बघ तुझं सरकार," दादा म्हणाला.

माझं सरकार! सरकारची री ओढणाऱ्या चॅनेलच्या तळघरात मी जुनी दृश्यं जपते, एवढाच माझा सरकारशी संबंध. दादा विरोधी पक्षाचा कार्यकर्ता. हल्ली आम्ही भावंडं एकमेकांशी बोलतो ती टीव्हीकडे बघत.

१० मे

तळघरातल्या लायब्ररीत आवाज बंद ठेवून काम करायची माझी सवय. एका पडद्यावर कुठलासा जुना पूर, दुसऱ्यावर आजचे आरोग्यमंत्री. दोन्ही गप्प. मंत्र्यांचं तोंड माशासारखं उघडतं, मिटतं. थोडा वेळ पाहत बसलं की वाटतं, ते पुरातच उभे आहेत आणि पाणी हळूहळू त्यांच्या गळ्यापर्यंत चढतंय.

दृश्य एका दिवसाहून जुनं झालं की कोपऱ्यात 'संग्रहित' लिहून मगच वर पाठवायचं. तो शब्द टाकणं हे माझं काम. तेवढंच म्हटलं तरी चालेल.

११ मे

उंट आत जाऊन आला! उंट म्हणजे आमचा कॅमेरामन – नाव मानेमुळे पडलं. मंत्र्यांच्या कार्यालयानेच परवानगी दिली होती. बाबांच्याच हॉस्पिटलात, बाबांच्याच मजल्यावर.

"त्या पांढऱ्या पोशाखात जीव घुसमटला गं. भिंतीला टेकून बसलो तो बसलोच. कॅमेरा स्टँडवर आपला चालूच."

म्हणून दुपारभराचं दृश्य हाती आलं. लांबलचक खोली. खाटा. सगळ्यांना सारखे झगे, डोक्याला सारख्या टोप्या. कोण कोण, काही कळत नाही. पांढरे पोशाखवाले तरंगत येतात, तरंगत जातात.

खिडकीजवळच्या खाटेवरचा माणूस उठला. पाठमोरा. त्याने चादर उचलली, मधोमध हनुवटीखाली धरली, दोन्ही हात पंखांसारखे पसरले, कडा जुळवल्या आणि एका झटक्यात घडी!

बाबा.

बाबांनी उभी हयात कापडाच्या दुकानात काढली. ही हनुवटीची घडी त्यांची. आईला जमत नाही, दादाला जमत नाही, मला तर नाहीच. मी ते परत पाहिलं. मग परत.

एवढाच तुकडा कापला आणि सातच्या बातम्यांना पाठवला. घरी फोन केला – आई, टीव्ही लाव.

रात्री घरी गेले तर टीव्हीच्या काचेवर आईच्या बोटांचे ठसे. आज ती पोटभर जेवली.

१२ मे

तेच दृश्य दादाच्या पक्षाच्या चॅनेलवरही. परवानगीच्या अटीप्रमाणे आमचा तुकडा सरकारने सगळ्यांनाच दिला होता. त्यांनी रंग काढून टाकले, मागे रडकं व्हायोलिन लावलं, खाली मोठ्या अक्षरांत – 'बेवारस!' आमच्याकडे खाली – 'वॉर्डात शिस्त आणि समाधान'.

"तुम्ही बाबांना जाहिरातीत उभं केलंत," दादा म्हणाला.

"आणि तुम्ही त्यांना बेवारस केलंत."

"प्रश्न विचारणं म्हणजे –"

"पुरे रे दोघांचं," आई म्हणाली. "सरक बाजूला. मला हे दिसत नाहीयेत."

रिमोट तिने मांडीखाली घेतलाय. ती आमचंच चॅनेल लावते. का, तर व्हायोलिन नाही म्हणून.

१४ मे

कॅमेऱ्यांनाही आता बंदी. व्हायोलिन भोवलं.

आमचे संपादक – पाठीमागे आम्ही त्यांना 'ब्रेकिंग' म्हणतो – खाली आले. ते कधी खाली येत नाहीत. "वॉर्डाचं काही ताजं आहे का? लोकांना तो चादरवाला आवडलाय. धीर येतो म्हणे."

उंटाच्या त्या दुपारच्या दृश्यातलं बरंच उरलं होतं. मी एक तुकडा कापला. बाबा पाठमोरेच, खिडकीतून बाहेर बघतायत. कोपऱ्यात 'संग्रहित' टाकायला कर्सर नेला.

आई आता साडी बदलून टीव्हीसमोर बसली असेल. तो शब्द तिला वाचता येतो.

नाही टाकला.

"वा, ताजं वाटतंय," ब्रेकिंग म्हणाले. कुठून आलं, ते त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

१५ मे

आज बाबा पाणी प्यायले.

१७ मे

पोटनिवडणूक तोंडावर आलीय. मृतांच्या आकड्यांची पडताळणी चालू आहे, मतदानानंतर जाहीर करू, असं मंत्री म्हणाले. दादाच्या चॅनेलवरचा आकडा त्यांच्या दुप्पट. दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी माणसं आहेत.

उंट चहाच्या मशीनपाशी भेटला. हळूच म्हणाला, "पडताळणी होईस्तोवर घरच्यांनाही कळवायचं नाही, असं ठरलंय म्हणे. तोवर सगळेच स्थिर."



म्हणजे माझ्याजवळ बाबांची एक दुपार आहे. त्या दुपारनंतरचं मला काहीच ठाऊक नाही. ती मी चिमूटचिमूट आईला वाढतेय. तिथे ऊन तेच. खिडकीबाहेरच्या फांदीची सावली भिंतीवर तिथल्या तिथे. बाबा तिथे बरे आहेत.

स्वप्न पडलं – आमच्या सगळ्या गल्लीवर एक भली मोठी चादर, आणि बाबा तिची दुसरी कड शोधत निघालेत. मी म्हणतेय, बाबा, टेका हनुवटी. ते लांब लांब जातायत.

१९ मे

दादाला कळलं.

जिन्यात गाठलं त्याने. "ती भिंतीवरची सावली. रोज तिथेच. सगळं एकाच दिवसाचं आहे ना?"

मी मान हलवली.

"एक फोन केला ना, उद्या सकाळी आमचे प्रवक्ते तुमच्या चॅनेलची लक्तरं वेशीवर टांगतील. समाधान म्हणे! शिस्त म्हणे! लोक बेसावध होतायत या दृश्यांनी, कळतंय का तुला? आमच्या पलीकडच्या इमारतीतले ते शिंपी – ताप अंगावर काढला. सगळं आटोक्यात आहे, टीव्हीवर पाहिलं म्हणाले."

"कसे आहेत?"

"काल नेलं."

तो खरं बोलत होता. ते जास्त लागलं. फोन त्याच्या हातातच होता.

दार उघडं होतं. आत आई आरशासमोर केस विंचरत होती. सात वाजत आले होते. तिने पावडर लावली. इतक्या वर्षांत तिला पावडर लावताना मी पाहिलं नव्हतं.

दादा बघत राहिला. मग फोन खिशात टाकला.

"किती उरलंय?"

"थोडंच."

"पुरवून वापर," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.

२० मे

बाबा नुसते बसलेत. पाठ छान ताठ. आई म्हणाली, वजन थोडं वाढलेलं वाटतं, नाही?

२२ मे

दृश्य संपलं. शेवटी उंटाचा हात येतो आणि सगळं काळं होतं. त्या काळ्याकडे मी बराच वेळ बघत होते.

तेवढ्यात दादाचा फोन. मला आधी शब्दच लागेनात. तो रडत होता की हसत होता?

"सोडतायत बाबांना! उद्या सकाळी न्यायला या म्हणाले! अगं ऐकतेयस ना?"

मी टेबलावर डोकं ठेवलं. आवाज बंद असलेल्या सगळ्या पडद्यांवर माणसं तोंडं हलवत होती. सगळी आनंदाने ओरडतायत असं वाटलं.

२३ मे

बाबा घरी. अर्धे राहिलेत. टोपी काढली तर केस पांढरेशुभ्र. पण बाबाच! आल्या आल्या म्हणाले, "हा पडदा कुणी असा लावला? कापड उलटं आहे."

आम्ही सगळे हसत सुटलो. दादा तर जमिनीवर बसून हसला.

संध्याकाळी आईने त्यांना टीव्हीसमोर बसवलं. "रोज बघायचे मी तुम्हाला. आज तुम्हीच बघा स्वतःला." ब्रेकिंगनी पहिलाच तुकडा परत लावला होता. चादर, हनुवटी, पंख, घडी.

बाबा पुढे झुकले.

"हा मी नव्हे."

"म्हणजे काय! घडी तुमची –"

"घडी माझीच. मीच शिकवली त्याला. माझी खाट ह्याच्या समोरची, भिंतीकडे. कंडक्टर होता बसवर. दिवस जाता जात नव्हता, तेव्हा म्हटलं, ये, तुला घडी शिकवतो. चांगला हात होता. पण शिकला आणि दर तासाला चादर मोडायचा, परत घडी करायचा." बाबा थोडं हसले. "तो कॅमेरेवाला येऊन गेला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी गेला बिचारा. ती घडी तशीच पायथ्याशी."

आईने टीव्ही बंद केला. काचेत आम्ही चौघं दिसत होतो.

दादाने माझ्याकडे पाहिलं नाही.

२४ मे

आज खिडकीजवळच्या माणसाचं काहीच वर पाठवलं नाही. उद्या ब्रेकिंगना सगळं सांगायचं ठरवलं.

साडेसातला रिसेप्शनने एक फोन खाली जोडून दिला. मुलीचा आवाज. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल.

"तुमच्या बातम्यांत खिडकीपाशी एकजण असतात ना, चादरवाले? आमचे बाबा ते. पाठमोरे असले तरी कळतं हो, एक पाय दुमडून उभे राहतात, बसमधली सवय. ती घडी कुठे शिकले कोण जाणे! घरी कधी चादर उचलली नाही, आम्ही इतकं हसलो. हेल्पलाइनवाले म्हणतात, स्थिर आहेत. आज दिसले नाहीत, म्हणून म्हटलं विचारावं. आजी अजून टीव्हीसमोरच बसलीय. उद्या दाखवाल ना?"