एकेक अंडं कार्डावर

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (आठांपैकी पाच अंगं टेकली आहेत असं समज. उरलेली टेकली तर उचलायला माणूस लागेल.) तुझी तब्येत कशी आहे? गुडघ्याला शेक चालू आहे ना, की बरं वाटलं म्हणून पिशवी पुन्हा माळ्यावर टाकलीस? भाचीला आशीर्वाद, जावईबापूंना नमस्कार. माझं ठीक आहे. ते ठीक आहे की नाही हे हल्ली तुला माझ्याआधी कळतं, आणि पत्राचं कारणही तेच आहे.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "ठोंब्या, पुरे झाला हा पोरखेळ. दुपारचा डोळा लागला की तुझा मेसेज वाजतो. ते खातं बंद कर, नाहीतर मी माझा नंबर तरी काढून घेते." मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तू फोन ठेवलास. (फोनवर तू बोलायचं आणि मी ऐकायचं, ही आपली जुनी वाटणी आहे. तक्रार नाही.) म्हणून लिहितो आहे. पत्र मध्येच ठेवून दिलं तरी त्यातलं पुढचं वाक्य कुठे जात नाही.

तुला सगळं तुकड्यातुकड्यांनी आणि बँकेच्या भाषेत कळलं आहे, म्हणून पहिल्यापासून सांगतो. आईचं खातं आपल्या दोघांच्या नावावर झालं तेव्हा मेसेजसाठी तुझा नंबर दिला, कारण त्या दिवशी माझा फोन दुकानात हरवला होता. (पुढे सापडला. चष्म्यांच्या काचा पुसायच्या फडक्यांखाली होता.) कार्ड मी वापरायचं आणि लक्ष तू ठेवायचं, असं ठरलं. काही वर्षं बरी गेली. मग बँकेनं कळवलं की कार्डाला दरमहा शुल्क पडेल; माफ करून हवं असेल तर महिन्यातून वीस वेळा तरी कार्ड वापरा. किती रुपयांना वापरा हे त्यात कुठेही नव्हतं. मी ते दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा भिंग लावून. आयुष्यभर लोकांना बारीक अक्षर दिसावं म्हणून खपलो, त्याचा पहिल्यांदा मला काही उपयोग झाला. वाटलं, बँकेला आपण पकडलं.

सुरुवात वाण्यापासून केली. सहा अंडी घ्यायची होती. एक घेतलं, कार्ड लावलं, पावती घेतली. दुसरं घेतलं, कार्ड लावलं. तिसऱ्याला वाण्यानं चष्म्यावरून पाहिलं. "काका, सहा एकदम नेली तर कोंबडी रागावते का?" मी त्याला बँकेचा नियम समजावून सांगू लागलो. मागे रांग होती. एक बाई म्हणाल्या, "अहो, नियम नंतर सांगा. आत पिल्लं तयार होताहेत." चौथ्या अंड्याला मशीनचा कागद संपला. वाण्यानं नवी गुंडाळी घातली, ती उलटी बसली, आणि सगळ्या रांगेनं माझ्याकडे पाहिलं. पाचवं आणि सहावं मी रोखीनं घेतलं. (ती दोन हिशेबात धरू नकोस.) दुसऱ्या दिवशी गल्ल्यावर पाटी लागली: अंडी कार्डावर अर्ध्या डझनाखाली मिळणार नाहीत. पाटीवर माझं नाव नव्हतं, पण लोक वाचून माझ्याकडे बघत होते. शेवटी त्याच्या चष्म्याची तुटलेली काडी मी फुकट बसवून दिली, तेव्हा तह झाला. रोज एकच वस्तू घ्यायची, आणि गर्दी नसेल तेव्हा यायचं. गर्दी नसते ती दुपारी. तुझी झोप मोडली ती अशी. दोष वाण्याचा आहे.

नुसत्या वाण्यावर महिना भरेना. म्हणून शेजारच्या शिंप्याकडून बटणं घ्यायला लागलो, एकेक. आता माझ्याकडे सगळ्या रंगांची बटणं आहेत आणि शर्ट दोन. बेकरीतून रोज एक पाव आणला. औषधांच्या दुकानातून कंगवा घेतला. (हसू नकोस. मागच्या बाजूला आहेत अजून.) त्या दिवशी मी दुकानाची पायरी उतरतो न उतरतो तोच तुझा फोन आला होता. "काय होतंय तुला?" मी म्हटलं, "कंगवा." तू ते पुन्हा म्हणायला लावलंस. मग विचारलंस, "कुणासाठी?"

त्यानंतर माझ्या डोक्यात आलं की मशीन तर आपल्याही दुकानात आहे. घरचं सोडून दारोदार का फिरावं? मीच माझं गिऱ्हाईक झालो. काउंटरच्या बाहेर जाऊन उभा राहिलो, काच पुसायचं फडकं मागितलं, आत येऊन भाव सांगितला, बाहेर जाऊन जास्त आहे म्हणालो. (आत असताना मला तो वाजवी वाटत होता.) शेवटी थोडी सूट दिली आणि कार्ड लावलं. दुसऱ्या दिवशी चष्म्याचा नाकाकडचा स्क्रू घेतला. तिसऱ्या दिवशी बँकेनं कार्ड बंद केलं. एकच माणूस विकतो, तोच विकत घेतो आणि माल दुकानातच राहतो, हे त्यांना संशयास्पद वाटलं. माल दुकानातच राहतो यात नवीन ते काय, असं मी म्हटलं, पण बँकेला दुकानदारीतलं कळत नाही.

कार्ड सुरू करून घ्यायला शाखेत गेलो. तिथली बाई तरुण आहे, भाचीच्या वयाची असेल. तिच्या चष्म्याची डावी काडी सैल होती. दर वाक्याला ती बोटानं चष्मा वर सारायची, आणि माझं लक्ष वाक्यापेक्षा काडीकडे जायचं. ओळख पटवायला एक प्रश्न होता, खातं आपल्या नावावर करताना तू निवडलेला: घरातल्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव. मी आपल्या पिवळ्या मांजरीचं नाव सांगितलं. चूक. आपल्या लंगड्या बोक्याचं सांगितलं. चूक. मग जिन्याखाली राहून गेलेलं कासव आठवलं. (त्याला नाव नव्हतं. तिथल्या तिथे ठेवलं. तेही चूक.) बाई म्हणाली, "काका, आता शेवटचं. हे चुकलं तर ताईंना स्वतः इथे यावं लागेल." खरं सांगतो, क्षणभर मला चुकवावंसं वाटलं. मग आठवलं, आई कामाला जाताना तुला म्हणायची, याला सांभाळ, आणि तू माझ्या कमरेला दोरी बांधून मला आवारभर फिरवायचीस. कुणी विचारलं तर सांगायचीस, हा चावत नाही. मी हळूच म्हटलं, "ठोंब्या." ती म्हणाली, "ऐकू नाही आलं." मी मोठ्यानं म्हटलं. सगळ्या शाखेला ऐकू गेलं. तिनं पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरोबर! कुत्रा होता का?" मी म्हटलं, "हो. अजून आहे."

ताई, हे उत्तर तू बँकेला दिलंस ते मला सांगायला हवं होतंस. पण मी रागावलेलो नाही. परत येताना सगळा रस्ता मला हसू येत होतं. वाण्यानं विचारलं, "काय काका, लॉटरी लागली?"

गेल्या महिन्यात मला ताप आला होता ते तुला माहीतच आहे. दुकान उघडलं नाही, माडीवरून उतरलोच नाही. कार्ड उशाजवळ पडलं होतं, दिवसभर कुठेच लागलं नाही. दुसऱ्या दिवशी दार वाजलं. दारात शिंपी, गळ्यात टेप. म्हणाला, "तुमच्या ताईंचा फोन आला होता. कालपासून काही वाजलं नाही, जाऊन बघा म्हणाल्या. मी विचारलं, माप घेऊन येऊ का? तर केवढ्या रागावल्या!" तो पाणी तापवून देऊन गेला, संध्याकाळी त्याच्या बायकोनं भात आणि सूप पाठवलं. मी तुला फोन केला तर तू म्हणालीस, छे, मी कशाला काळजी करू, शिवणाचं काहीतरी विचारायचं होतं. (तुझ्या गावातले सगळे शिंपी त्या दिवशी सुटीवर होते असं मी धरून चाललो.) फोन ठेवता ठेवता मात्र बोलून गेलीस, "आणि काय रे, आठवडाभर नुसती बेकरी दिसते आहे. भाजी कुठाय?"

तेव्हा मला कळलं की मेसेज वाजला की तू नुसती चिडत नाहीस, वाचतेसही.

त्या दिवसापासून मी भाजीवालीकडेही कार्ड लावतो. कोबी घेतो. कोबी मी खात नाही हे तुला ठाऊक आहे, पण मेसेजमध्ये फक्त दुकानाचं नाव येतं, खाल्लं की नाही ते येत नाही. तो कोबी शिंप्याच्या घरी जातो. शिंप्याची बायको गेल्या आठवड्यात म्हणाली, "तुमच्या ताईंना सांगा, कोबी पुरे झाला. आता जरा फ्लॉवर पाठवा म्हणावं." शनिवारी फ्लॉवर घेतला तो म्हणून. त्यातला थोडा मी खाल्ला, हे मात्र खरं आहे.

आता मुद्द्याचं. सोमवारी, तुझा फोन येऊन गेल्यावर, मी बँकेत गेलो. खिशात पेचकस होताच. बाईला म्हटलं, आधी तो चष्मा इकडे दे. तिनं काढून दिला. चष्म्याशिवाय तिला समोरचं काही दिसत नव्हतं, त्यामुळे की काय, ती मोकळेपणानं बोलली. "काका, तुमच्या वयाच्या लोकांसाठी बिनशुल्काचं खातं असतं. कार्ड वापरा, नका वापरू, कुणी विचारत नाही. इतकी बटणं कशाला घेत बसलात?" मी म्हटलं, "मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "तुम्ही मला बोलू कुठे देता? आलात की माझ्या काडीबद्दल सुरू." (हे ऐकून मला तू आठवलीस. आपल्याकडे हे रक्तातच असावं.) फक्त दोघांच्या सह्या लागतील, असं तिनं सांगितलं. मी काडी घट्ट करून दिली. आता ती चष्मा वर सारत नाही. बोट मात्र सवयीनं अजून नाकापर्यंत जातं.

तेव्हा तुझं खरं आहे. शुल्क भरलं असतं तर स्वस्तात सुटलो असतो. ते वाचवण्यापायी घरात कंगवा आणि डबाभर बटणं झाली आणि वाण्याच्या दुकानात माझ्यावरून पाटी लागली. खातं बदलून टाकू. तू दुपारी निवांत झोप. माझी काही हरकत नाही. मोठी बहीण सांगते ते ऐकावं, आणि मी आजवर ऐकत आलो आहे. बाकी सर्व क्षेम. गुडघा जप. भाचीला म्हणावं, जुनी फ्रेम टाकू नकोस, मामा काचा बदलून देईल.

तुझा धाकटा भाऊ,
(आणि बँकेच्या नोंदीप्रमाणे घरातला पहिला पाळीव प्राणी)
ठोंब्या

ता. क. नव्या खात्यात एक खोट आहे, ती वर लिहायची राहिली. छोट्या रकमांचे मेसेज त्यात जात नाहीत, फक्त मोठ्या खरेदीचे जातात. मी मोठी खरेदी काय करणार? पाव, बटण, कोबी यातलं तुला काही कळणार नाही. आणि तुला कळतं आहे, हे मला कळणार नाही. दुपारी कार्ड लावलं की मशीन वाजतं, तेव्हा तिकडे तुझाही फोन वाजला असेल असं माझ्या मनात येतं. त्यानंतर मी दुकानात परत येतो आणि काम बरं होतं. म्हणून सही करायच्या आधी तू इथे ये. समोरासमोर बसून ठरवू. घाईनं ठरवायची गोष्ट नाही, महिनाभर तरी लागेल. मागची खोली झाडून ठेवली आहे. तिथली खिडकी आता नीट लागते.

आणखी एक ता. क. बँकेतली बाई म्हणाली की ताईंना त्यांच्या गावातल्या शाखेतही सही करता येते, इथवर यायची गरज नाही. तुझ्यापासून लपवणं बरं नाही म्हणून लिहिलं. पण तुमच्या त्या शाखेत फार गर्दी असते. (कोण म्हणालं विचारू नकोस. मीच म्हणतो आहे.)

शेवटचं. तू येईपर्यंत तुझा नंबर काढू नकोस. आता जेवण झालं आहे, रस्ता रिकामा आहे, पाकीट घेऊन पोस्टात निघालो. तिकिटं कार्डावर घेणार आहे. पत्राच्या आधी तुझा फोन वाजेल. तू हे वाचत असशील तेव्हा तो वाजूनही गेला असेल. तू दचकून उठली असशील, चष्मा चाचपडून 'पोस्ट ऑफिस' एवढं वाचलं असशील, आणि म्हणाली असशील, आता हा ठोंब्या पत्र कुणाला लिहितो आहे?

तुलाच.